सकाळच्या पाळीचा माणूस

शाल झाली, नारळ झाला, आणि कॉलेजच्या व्यासपीठावर पुष्पगुच्छ द्यायला समीक्षा उतेकर पुढे झाली तेव्हा श्रीपत सकपाळांनी तो दोन्ही हातांनी घेतला. घेताना त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. मऊ, उबदार, निवृत्त माणसाची बोटं. 'थँक्यू, मॅडम,' ते म्हणाले, आणि फोटोसाठी समोर बघायला लागले. त्यांना ती कोण हे माहीत नव्हतं. तिला मात्र निमंत्रणपत्रिकेवर नाव वाचल्यापासून माहीत होतं, आणि तिने ठरवलं होतं की काही व्हायचं नाही. पुष्पगुच्छ द्यायचा, मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचं, चहा झाला की तास घ्यायला निघून जायचं. तसंच झालंही असतं. पण सकपाळ बोलायला उभे राहिले, आणि औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या नोकरीबद्दल, माणसं सांभाळण्याबद्दल बोलता बोलता म्हणाले, 'ड्यूट्या लावणं हे फार वाईट काम असतं, मुलांनो. एकदा शिमग्यात असं झालं, निम्मा प्लांट गावाला पालखीला गेलेला. एका ऑपरेटरला रात्रपाळीवरून तसंच सकाळच्या पाळीला उभं करावं लागलं. दुर्दैवानं अपघात झाला. मला आजही वाईट वाटतं. पण आजही मी छातीवर हात ठेवून सांगतो, दुसरा मार्ग नव्हता. माणूसच नव्हता.' आणि त्यांनी खरोखर छातीवर, शालीवर हात ठेवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. समीक्षाने पाहिलं की आपणही टाळ्या वाजवतो आहोत. हात आपोआप चालले होते, आणि बोटांवर अजून ती ऊब होती.

माणूसच नव्हता. हे वाक्य तिच्या घरात पिण्याच्या पाण्यासारखं भरून ठेवलेलं होतं. ती आठवीत असताना बाबांना मुंबईच्या दवाखान्यातून घरी आणलं, दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या, आणि पोलादपूरच्या वरच्या वाडीत, घराच्या पडवीत, बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तेच सांगत. रात्र काढली होती, सकाळीही थांबावं लागलं, डोकं बधिर झालं होतं. लाइनमधला दाब सोडायचा राहिला, संरक्षक चष्मा कपाळावरच राहिला, आणि व्हॉल्व उघडला तशी गरम कॉस्टिक सोड्याचा फवारा थेट तोंडावर आला. ऐकणारा चुकचुकायचा आणि त्या सकपाळाला दोन शिव्या घालायचा. मग बाबाच हात वर करून त्याला थांबवत. 'नाय रे. श्रीपत तरी काय करील? मानूसच नव्हता.' चौकशीत कंपनीने लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. चौकशीत सकपाळांनी सांगितलं, मी सगळं करून बघितलं, दुसरा इलाज नव्हता, आणि दत्ताराम स्वतः हो म्हणाला. बाबांनी तेही मान्य केलं. हो म्हनालो व्हतो, ते म्हणत. पट्ट्या निघाल्या, डोळ्यांच्या जागी गुलाबी, ओढलेली कातडी राहिली. आई त्यांना हाताला धरून परसात नेऊ लागली. वर्षं गेली, आणि ते वाक्य बाबांच्या तोंडात इतकं गुळगुळीत झालं की ते त्यावर हात टेकून उठत-बसत. समीक्षाला त्या वाक्याचा राग येई. बाबांचा नाही, सकपाळांचाही आधी नाही, वाक्याचाच. ते खोटं आहे असं तिला वाटायचं, पण ते खोटं ठरवायचं कसं हे तिला कुठे ठाऊक होतं? होऊन गेलेल्या सकाळीला कोण जाऊन विचारणार, की बाई, तुझ्यात आणखी एखादा रस्ता होता का?

पुढे पुण्याला शिकताना एका दुपारी, वर्गात पंख्याचा आवाज आणि पेंग, अशात सरांनी प्रोलॉग ह्या संगणकाच्या भाषेतला एक प्रश्न फळ्यावर मांडला. ते म्हणाले, ह्या पद्धतीत मशीनला कसं करायचं ते सांगायचंच नाही. फक्त अटी सांगायच्या. काय असायलाच हवं, काय होताच कामा नये. मशीन प्रत्येक रिकाम्या जागेसमोर सगळ्या शक्यता धरतं, अटी लावत लावत एकेक गाळतं, उरलेल्यातली एक धरून पुढे जातं, अडलं की मागे येऊन दुसरी धरतं. एक शक्यता सोडत नाही. म्हणून ते जेव्हा 'आहे' म्हणतं तेव्हा उत्तर असतं. आणि जेव्हा 'नाही' म्हणतं तेव्हा, तुम्ही सांगितलेल्या अटींत, खरोखरच नसतं. समीक्षाची पेंग उडाली. शेजारची मुलगी वहीत फुलं काढत होती, आणि समीक्षा मनात म्हणत होती, ह्याला विचारता येईल. त्या सकाळीचं ह्याला विचारता येईल. त्यानंतर तिने हाच विषय धरला. लोकांना वाटलं हुशार मुलगी आहे, आवड आहे. पुण्यातली नोकरी सोडून ती महाडला शिकवायला आली तेव्हा लोकांना वाटलं, आंधळ्या बापासाठी आली. तेही खरं होतं. पण पोलादपूरच्या बसमधून उतरून, भिंतीवर पुराची रेघ असलेल्या भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडताना तिला कधीकधी स्पष्ट कळायचं, की आपण इथे कशाच्या तरी जवळ राहायला आलो आहोत, जसं कोणी शिकारीला मचाण बांधतं.

आणि आता तो माणूस आपल्या पायांनी चालत आला होता आणि छातीवर हात ठेवून बोलला होता. चहाच्या वेळी ती त्यांच्याकडे गेली. सर, तुम्ही शिमग्याचा जो प्रसंग सांगितलात तो आमच्या मुलांना फार उपयोगी आहे, ती म्हणाली; आम्ही असेच प्रश्न मशीनला घालायला शिकवतो, तुम्ही येऊन अटी सांगाल का, मुलं तुमच्यासमोर सोडवतील. सकपाळ खूश झाले. निवृत्त माणसाला पुन्हा कोणी बोलावतं आहे ह्याचा आनंद त्यांच्या तोंडावर लपला नाही. ते म्हणाले, बघा हं मॅडम, तुमच्या मशीनला सुटायचं नाही ते, मी डोकं फोडून घेतलं होतं. तिने हसून मान डोलावली. पुढच्या आठवड्यातली दुपार ठरली. त्या संध्याकाळी तिने खानावळीतून डबा आणला आणि कित्येक दिवसांत जेवली नव्हती इतकी जेवली. भात, आमटी, माशाची तुकडी. सगळ्याला चव होती. सूड म्हणतात त्याची चव अशी असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती कडू असेल, जळजळीत असेल असं तिला वाटलं होतं. ती साधी, भूक लागल्यासारखी होती.

रविवारी ती वाडीवर गेली. बाबा पडवीत बसून दोरी वळत होते. त्या वेळी कोण कोण होतं, बाबा, कोणाची कुठली पाळी होती, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि बाबांनी ते सहज सांगितलं, कारण ते आठवडे त्यांच्या डोळ्यांपुढचे शेवटचे होते आणि तिथे सगळ्यांचे चेहरे जागच्या जागी होते. रजा न घेतलेल्यांत त्या विभागाचं काम येणारे तिघंच. ते स्वतः, नात्याचा मोरू, तो दुपारच्या पाळीला, आणि गणू, तो बहुतेक गावाला शिमग्याला गेलेला, कारण शनिवारपासून तो दिसलाच नव्हता. बाकीचे सगळे पालखीला, रजा मंजूर करून घेतलेली. 'मग ऱ्हायलो मी,' बाबा म्हणाले. 'तो तरी काय करील, गो?' त्यांचा चेहरा शांत होता. आई, साळूबाई, आतून तांदूळ पाखडता पाखडता बाहेर आली आणि सूप हातात तसंच धरून लेकीकडे बघत राहिली. 'कशाला उकरतंस?' ती म्हणाली. समीक्षा म्हणाली, कॉलेजचं काम आहे. आई तरीही आत गेली नाही. परत येताना बस कशेडी घाट उतरून आलेल्या ट्रकांच्या मागे अडकली, आणि समीक्षा खिडकीशी बसून मनात गणूचं नाव एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवत राहिली. गणू गावाला असेल तर उत्तर नाही. गणू गावाला असेल तर सकपाळ खरे. ही शक्यता तिने आजवर कधी धरलीच नव्हती, आणि ती समोर आली तशी तिच्या अंगातली ऊब गेली. खरे असले तर? तिला कळलं की ते खरे निघायला तिची तयारी नाही. आणि मशीनला मात्र तिची तयारी आहे की नाही ह्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

ठरलेल्या दुपारी लॅबमध्ये मुलं दाटीवाटीने बसली. सकपाळ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशाला पेन. समीक्षाने आधी मुलांना थोडक्यात विषय सांगितला. ह्याला कन्स्ट्रेंट लॉजिक प्रोग्रामिंग म्हणतात, कन्स्ट्रेंट म्हणजे अट. शनिवारची रात्रपाळी, रविवारची सकाळ, रविवारची दुपार, ह्या तीन जागा. प्रत्येक जागेसमोर सुरुवातीला सगळी नावं उभी आहेत असं समजा. आपण नावं भरायची नाहीत. आपण फक्त अटी म्हणायच्या, आणि नावं गळताना बघायची. तिचा आवाज रोजचा होता. आतून मात्र तिला वाटत होतं की आपण एका लांब बोळातून चाललो आहोत आणि बोळाच्या टोकाला इस्त्रीचा शर्ट दिसतो आहे. श्रुतिका नावाची पहिल्या बाकावरची मुलगी, जी नेहमी शंका काढायची, तिने विचारलं, 'मॅडम, मशीन नाही म्हणालं, तर उत्तर नाही, का त्याला सापडलं नाही?' समीक्षा म्हणाली, 'आपण सांगितलेल्या अटींत उत्तर नाही. अटी खऱ्या आहेत की नाहीत ते मशीनला कळत नाही. ते आपण बघायचं.' हे वाक्य ती दरवर्षी म्हणत आली होती. आज ते म्हणताना तिने सकपाळांकडे पाहिलं. ते मान डोलावत होते, चांगल्या विद्यार्थ्यासारखे.

मग त्यांनी अटी सांगितल्या. एकाने एका दिवसात एकच पाळी. रात्रपाळी करून उतरलेल्याने सकाळची करायची नाही, त्या दिवशीची दुपारचीही नाही, हा कंपनीचा नियम, आणि तोच मला मोडावा लागला, असं ते स्वतःहून म्हणाले. दुपारची करून घरी गेलेला माणूस दुसऱ्या सकाळी चालेल. रजेवरच्यांना बोलवायचं नाही. नावं काय घालू, असं समीक्षाने विचारलं, खरीच घालू ना? सकपाळांनी खिशातलं पेन सरळ केलं. मग म्हणाले, घाला की, त्यात काय. मोरू. दत्ताराम. आणि तिसरा एक गणू होता, पण तो उपलब्ध नव्हता. श्रुतिकाने एकेक ओळ टाइप केली, पडद्यावर ती मोठी होऊन दिसत होती, दत्ताराम हे नाव भिंतीएवढं झालं होतं. विचारा, समीक्षा म्हणाली. मशीनला वेळ लागला नाही. नाही. उत्तर नाही. वर्गात थोडी हालचाल झाली. सकपाळ मागे रेलले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते विजयाचं नव्हतं, ते सुटकेचं होतं, जणू इतकी वर्षं त्यांनाही कोणीतरी हे सांगायला हवं होतं. 'म्हटलं होतं मी,' ते हळू म्हणाले. समीक्षाला वाटलं, झालं. आपण पुण्याहून इथवर आलो, इतकी वर्षं मनात एका सुरीला धार लावत बसलो, आणि आपल्या हाताने त्याला निर्दोष करून घरी पाठवतो आहोत. पण बोटांना सवय होती. बोटं दरवर्षीप्रमाणे पुढच्या पायरीकडे गेली. 'आता,' ती मुलांना म्हणाली, 'नाही आलं की थांबायचं नसतं. कोणत्या अटीमुळे नाही आलं ते शोधायचं. एकेक अट काढायची आणि परत विचारायचं.'

रजेची अट काढली, आणि उत्तर आलं, पण रजेवरचे लोक खरंच गावी होते, ती अट खरी होती. ती परत घातली. रात्रीनंतर सकाळ नको ही काढली, आणि बाबांचं नाव दोन्ही जागी येऊन बसलं, जसं त्या दिवशी बसलं होतं; तीही परत घातली. मग श्रुतिकाने गणूची ओळ काढली. पडदा एकाएकी भरला. एक उत्तर, त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं, आणखी. कोणीही दोन पाळ्या सलग न करता, कोणाची रजा न मोडता. मुलांना मजा वाटली. समीक्षाने सकपाळांकडे वळून, मुलांसाठी शंका विचारावी तसं विचारलं, 'गणू उपलब्ध नव्हता म्हणजे रजेवर होता ना, सर? मग ती रजेच्या अटीतच यायला हवी. वेगळी अट का झाली?'

'रजेवर नाही,' सकपाळ म्हणाले. ते अजून पडद्याकडे बघत होते, त्या भराभर आलेल्या उत्तरांकडे, आणि बोलणं त्यांच्याकडून निसटल्यासारखं आलं. 'माझ्याकडे होता. घराचा स्लॅब टाकायचा होता त्या दोन दिवसांत. गवंड्यांवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं.'

बोलून झाल्यावर त्यांनी ते ऐकलं. वर्गातल्या मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. एक-दोघं हसलीसुद्धा, कारण साहेबाच्या घरी राबणारा कामगार त्यांच्याही घरात कोणी ना कोणी होता. श्रुतिका मात्र टाइप करायची थांबली. समीक्षा म्हणाली, 'म्हणजे ही अट कंपनीची नव्हती.' इतकी वर्षं तिने ह्या क्षणासाठी वाक्यं तयार केली होती, झोपताना, बसमध्ये, परीक्षेच्या सुपरव्हिजनला उभी असताना, आणि आता त्यांतलं एकही लागलं नाही. सकपाळांचा हात खिशातल्या पेनाशी गेला, तिथून गळ्याशी गेला, तिथून मांडीवर पडला. त्यांचा चेहरा रिकामा होत गेला, भिंतीवरून ओल सरकत जावी तसा, आणि ती ते बघत राहिली. तिला ते बघवत होतं. तिला वाटलं होतं ह्या वेळी आपल्याला दया येईल, आपण नजर वळवू. तिने नजर वळवली नाही.

तास संपल्यावर ते जिन्याशी थांबले होते. मुलं उतरून जाईपर्यंत कठड्याला धरून उभे राहिले, मग म्हणाले, 'तुम्ही दत्तारामच्या कोण?'

'मुलगी.'

त्यांनी मान हलवली. ते माफी मागतील, मग आपण ती नाकारू, असं तिने धरलं होतं. सकपाळ म्हणाले, 'मॅडम, त्याला सांगू नका. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पेपरात द्या, काही करा. पण त्याला नका सांगू. तो एकटाच मला... त्यानं कधी बोल लावला नाही मला.' आणि त्यांचे डोळे भरून आले. ते बघत असलेले, पाणी येऊ शकणारे दोन डोळे. समीक्षाला त्या वेळी जे वाटलं ते इतकं स्वच्छ होतं की तिला पुढेही त्याची लाज वाटली नाही. तिला कळलं की दुखतं ते इथे. पेपर नाही, कंपनी नाही, चारचौघांतली बेअब्रू नाही. ह्या माणसाला रात्री झोप लागते ती वाडीवरच्या एका आंधळ्याच्या वाक्यावर डोकं टेकून लागते. ती त्यांच्या अंगावरून जिना उतरली, खोलीवर न जाता तशीच स्टॅंडवर गेली आणि पोलादपूरची गाडी धरली. लॅपटॉप मांडीवर होता. औद्योगिक वसाहतीवरून येणारा तो गोड, सडका वास खिडकीतून आत आला आणि मागे पडला. तिने एकदाही असा विचार केला नाही की ते वाक्य घेतलं तर बाबा कशावर टेकतील. विचार आला असता तरी ती उतरली नसती.

पडवीत अजून उजेड होता. बाबांनी तिची पावलं ओळखली आणि आज मधेच कशी, असं विचारलं. तिने सगळं सांगितलं, भराभर, धापा टाकत, शाळेत पहिला नंबर आल्यावर सांगायची तशी. मशीन आधी नाही म्हणालं, मग गणूची अट काढली, मग उत्तरं आली. गणू गावाला नव्हता, बाबा. सकपाळाच्या घराचा स्लॅब होता. गणू त्याच्या घरी होता, इथे महाडात, कंपनीपासून हाकेवर.

बाबांच्या हातातली दोरी थांबली. त्यांनी ती मांडीवर ठेवली. मग म्हणाले, 'मंजी मानूस व्हता.'

'होता, बाबा.'

'मानूस व्हता,' ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, जणू पडवीत आणखी कोणी बसलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची शांतता गेली तेव्हा समीक्षाला दिसलं की ती शांतता किती वर्षांची होती, आणि तिच्या खाली काय होतं. तो चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. तो म्हाताऱ्याचा नव्हता. तो त्या वेळच्या तरण्या, डोळे असलेल्या माणसाचा चेहरा होता, आणि तो रागाने काळा पडला होता. आई दारात आली होती. ती समीक्षाकडे बघून म्हणाली, 'झाला तुझा समाधान?' आणि उत्तराला न थांबता आत गेली. आत भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. समीक्षाने बाबांचा हात धरला तर तो त्यांनी सोडवून घेतला. मग म्हणाले, 'मशीन आनलंस ना संगती? उघड. काय उत्तरं आली ती वाच.'

तिने वाचलं. पहिल्यात रात्रपाळीला गणू, सकाळी दत्ताराम, दुपारी मोरू.

'सकाळचा मीच?'

'हो. पण रात्री घरी झोपून आलात, बाबा. डोकं ताजं होतं.'

'मंग डोळं हायत का ह्याच्यात?'

तिने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, मशीनला ते कळत नाही. बाबांनी ह्या सकाळीकडे थोडा वेळ तोंड केलं, झोप झालेल्या, चष्मा डोळ्यांवर ओढून व्हॉल्वशी उभ्या राहिलेल्या स्वतःकडे. मग म्हणाले, त्या व्हॉल्वच्या जोडातल्या रबरी ग्यास्केटचं काय सांगावं, तो जुनाच व्हता. कोनीबी असता तरी. मला काढ. पुढचा वाच. सकाळी दत्ताराम नको, अशी तिने अट घातली. पुढच्यात सकाळी मोरू होता. मोरूची पोरं तेव्हा लहान होती, बाबा म्हणाले, मोरू नको. तीही अट तिने घातली. पुढच्यात सकाळी गणू. इथे बाबा थांबले. त्यांचा जबडा हलत होता. गणू त्या दिवशी सिमेंटात उभा होता, त्याला कोणी विचारलं होतं का, की तुला कुठं उभा राहायचंय? शेवटी ते म्हणाले, गणूबी नको. समीक्षाने सकाळच्या जागेवरून गणूलाही काढलं आणि विचारलं. नाही, मशीन म्हणालं. उत्तर नाही. तिने ते सांगितलं, आणि मनात तिला हायसंसुद्धा वाटलं. तिला वाटलं, आता बाबा पुन्हा त्या जुन्या जागेवर जाऊन बसतील, माणूसच नव्हता म्हणतील, आणि आई बाहेर येईल.

'श्रीपतला घाल,' बाबा म्हणाले.

तिला आधी कळलं नाही.

'त्याला येत व्हता तो प्लांट. माझ्याच संगती आपरेटर म्हनून लागला व्हता तो, मंग सायब झाला. नाव घाल त्याचा.'

तिची बोटं कळांवर होती. तिने सकपाळांचं नाव घातलं, विचारलं, आणि लगेच उत्तर आलं. रात्रपाळीला दत्ताराम, मग घरी. दुपारी मोरू. सकाळी, सात वाजल्यापासून त्या व्हॉल्वशी, श्रीपत. तिने वाचून दाखवलं. बाबा पुढे वाकून ऐकत होते, मान जरा तिरपी, तोंड अर्धवट उघडं, गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखे. अंगणापलीकडे उजेड डोंगराआड उतरत होता. त्यांनी हात पुढे केला, चाचपत लॅपटॉपच्या कडेवर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

'हा ऱ्हाऊ दे,' ते म्हणाले. 'आता सावकाश वाच.'